पायाखाली काय आहे? – फरशीच्या नकाशाची सूची



भूगोलाच्या पेपरात नकाशा सुंदर काढला, पण सूची काढायची राहिली म्हणून मार्क गेले, असा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेल. आमचेही गेले होते. त्या वेळी वाटायचे, सर उगाच अडवतात; नकाशा तर स्पष्ट दिसतोच आहे! सरांचे म्हणणे किती खरे होते, ते यंदा आपल्या हॉलच्या जमिनीने आम्हाला शिकवले. ती हकीकत, आणि तिच्यातून शिकलेले थोडे तंत्र, या अंकात सांगत आहोत.

हॉलच्या जमिनीचे काम काढले तेव्हा समितीत सर्वांत जास्त वाद झाला तो याच विषयावर. आणि तो व्हायलाच हवा होता. आपण चपला बाहेर काढून आत येणारी माणसे. मराठी शाळेची मुले जमिनीवर मांडी घालून बसतात, गणपतीत पंगत बसते, लेझीम अनवाणी होते आणि रांगणारी बाळे तर जमिनीलाच तोंड लावतात. इथल्या इतर हॉलांपेक्षा आपल्या हॉलच्या जमिनीशी आपला संबंध फार जवळचा आहे.

नकाशे आपल्या समितीतल्या वास्तुविशारद ताईंनी ‘रेव्हिट’ या संगणक-प्रणालीत केले. रेव्हिटमध्ये नुसत्या रेघा नसतात, तर इमारतीचे संपूर्ण प्रतिरूपच असते. भिंत ही भिंत आणि जमीन ही जमीन म्हणून संगणकाला कळते. फरशीची सूची करण्याचे काम मात्र आमच्या गळ्यात पडले. “तुम्ही केमिस्ट्रीतले डॉक्टर, फरशीत केमिकलच असतं ना?” एवढेच त्यामागचे तर्कशास्त्र!

आम्ही एका रविवारी दुपारी सूची केली. रेव्हिटमध्ये ‘लेजंड’ नावाचे वेगळे दृश्य उघडता येते. त्यात चौकोन काढले, प्रत्येकात एक रंग भरला आणि शेजारी नाव लिहिले: मोठा हॉल, स्वयंपाकघर, मुलांची खोली. या लेजंडचा एक फायदा खरा आहे. मजल्याचा नकाशा एकाच पानावर ठेवता येतो, पण लेजंड हव्या तितक्या पानांवर ठेवता येते. आम्ही खूश झालो.

पहिला दोष झेरॉक्सने दाखवला. हा अंक जसा काळ्या-पांढऱ्यात तुमच्या हाती येतो, तसेच नकाशेही स्वयंसेवकांना झेरॉक्स करून दिले. हिरवा, तपकिरी आणि निळा हे तिन्ही रंग एकाच राखाडी छटेचे झाले. दुसरा दोष ताईंनी दाखवला. बैठकीत स्वयंपाकघराची फरशी बदलायचे ठरले, त्यांनी ती प्रतिरूपात बदलली, पण आमच्या सूचीत जुनेच नाव राहिले. कारण आमचा चौकोन म्हणजे नुसते चित्र होते. त्याचे खऱ्या जमिनीशी काहीच नाते नव्हते.

तिसरा दोष कळला तो श्रमदानाच्या शनिवारी. मोठ्या हॉलचा जुना गालिचा काढायला सकाळी आठ वाजता पंधराएक मंडळी जमली. मुलेही होती. सुदैवाने गालिचा खाली चिकटवलेला नव्हता, तो भराभर निघाला. खाली निघाली जुनी, जागोजागी तडकलेली फरशी. दोन तरुणांनी खरवडण्याची पाती हातात घेतलीसुद्धा. तेवढ्यात आयुष्यभर बांधकामात घालवलेल्या एका काकांनी खाली बसून फरशीला टेप लावली आणि म्हणाले, “नऊ इंच आहे. थांबा सगळे. मुलांना आधी बाहेर न्या.”

आमच्या पोटात गोळा आला, कारण पुढचे आम्हाला ठाऊक होते. जुन्या अमेरिकन इमारतींत नऊ इंची चौरस फरशी दिसली की अ‍ॅस्बेस्टॉसची शंका घ्यायचीच. पुढे आलेल्या बारा इंची फरश्यांतही ते सापडते. इथल्या कामगार-सुरक्षेच्या नियमांत १९८० पर्यंत बसवलेली व्हिनाइल किंवा अ‍ॅस्फाल्टची फरशी, तपासणीने उलट सिद्ध होईपर्यंत, अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त धरली जाते. आपली इमारत त्याआधीची. तुकडे प्रयोगशाळेत पाठवले. तिथे ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली फरशीत आणि तिच्याखालच्या काळ्या डिंकातही क्रिसोटाइल हे तंतुमय खनिज दिसले. अ‍ॅस्बेस्टॉसच्या सहा प्रकारांपैकी हा एक.

घाबरून जाऊ नये म्हणून सांगतो. अखंड फरशीत हे तंतू घट्ट बांधलेले असतात आणि नुसते चालण्याने ते सुटत नाहीत. धोका आहे तो फरशी खरवडली, घासली, फोडली किंवा तिला भोके पाडली तर. मग डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत तरंगतात, श्वासातून फुप्फुसात जातात आणि शरीर त्यांना विरघळवू शकत नाही. त्यांच्यामुळे होणारे आजार कैक वर्षांनी, कित्येकदा वीस-तीस वर्षांनी प्रकट होतात. त्या सकाळी हॉलमध्ये सात-आठ वर्षांची मुले होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

सर्वांत लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. इमारत घेताना झालेल्या तपासणीच्या अहवालात “गालिच्याखाली जुनी फरशी” अशी एक ओळ होती. ती फायलीत होती आणि आम्ही वाचलीही होती. सूचीत मात्र तिला जागा नव्हती, कारण आमची सूची फक्त वरून दिसणाऱ्या पृष्ठभागाची होती. प्रयोगशाळेत बाटलीवर चिठ्ठी नसेल तर आम्ही विद्यार्थ्यांना रागावतो. इथे आम्हीच एवढ्या मोठ्या बाटलीची चिठ्ठी अर्धी लिहिली होती.

मग ताईंच्या शेजारी बसून सूची नव्याने केली. आपल्यातले बरेच जण हे काम करतात किंवा मुले शिकतात, म्हणून पद्धत देत आहोत.

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक सामग्रीची माहिती तिच्या स्वतःच्या नोंदीत भरणे: छोटी खूण (फ-१, फ-२), वर्णन, उत्पादक. आणि रंगाऐवजी रेघांची नक्षी, म्हणजे तिरप्या रेघा, ठिपके, चौकटी. झेरॉक्समध्ये नक्षी टिकते.

दुसरी, जमिनीचे थर दाखवणे. जुनी जमीन आणि नवी जमीन या दोन वेगळ्या वस्तू म्हणून काढल्या आणि जुनीला ‘अस्तित्वात असलेली’ हा टप्पा दिला. डिंकाची नोंद जुन्या फरशीच्या वर्णनातच केली.

तिसरी, हाताने यादी न लिहिता ‘मटेरियल टेकऑफ’ हा तक्ता काढणे. तो प्रतिरूपातूनच माहिती उचलतो. त्यात खूण, नाव, वर्णन आणि क्षेत्रफळ हे रकाने घेतले. एकेक तुकडा वेगळा न दाखवता खुणेप्रमाणे बेरीज करायला सांगितले. वरून न दिसणारे थरही या तक्त्यात येतात, हाच त्याचा मोठा गुण. मात्र टप्प्यांची गाळणी तपासावी. ती ‘फक्त नवे’ अशी असेल तर जुनी फरशी पुन्हा गायब!

चौथी, नकाशावर सामग्रीची खूण दाखवणाऱ्या चिठ्ठ्या लावणे. त्या सामग्रीची नोंद वाचतात. एका ठिकाणी बदल केला की चिठ्ठी आणि तक्ता दोन्ही बदलतात. नक्षीचे चौकोन असलेले जुने लेजंड आम्ही ठेवले, पण त्यात फक्त नक्षी आणि खूण एवढेच. बाकी सारे तक्त्यात.

वर्णनाच्या रकान्यात निगाही लिहिली. आपल्याकडे लिनोलियम आणि व्हिनाइल यांना सर्रास एकच नाव दिले जाते. खरे लिनोलियम जवसाच्या तेलापासून बनते, त्यात बुचाचा आणि लाकडाचा भुसा, चुनखडीची पूड आणि खाली तागाचे कापड असते. तीव्र अल्कली साबणाने ते खराब होते. व्हिनाइल म्हणजे पी.व्ही.सी.; त्याला असा साबण बराच सोसतो. म्हणून फ-२ पुढे लिहिले आहे: “लिनोलियम. सौम्य साबण. अमोनिया नको.” स्वयंपाकघराच्या सेवकांनी कृपया नोंद घ्यावी!

परवानाधारक लोकांकडून तुटलेला भाग दुरुस्त करून घेतला. बाकी जुनी फरशी न हलवता तिच्यावर नवी तरंगती जमीन घातली. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, तेव्हा घरचे काम काढणाऱ्यांनी स्थानिक चौकशी जरूर करावी. आणि जुन्या घराच्या तळघरात नऊ इंची फरशी असेल, तर पाते हातात घेण्यापूर्वी तपासणी करावी, ही कळकळीची विनंती.

नव्या सूचीची एक प्रत मीटरच्या खोलीच्या दारामागे लावली आहे. तिच्यातली शेवटची ओळ अशी: “फ-५. मोठा हॉल, नव्या जमिनीखाली. जुनी फरशी व काळा डिंक, अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त. खरवडू नये, भोक पाडू नये.” वीस वर्षांनी समितीत आम्ही नसू, काका नसतील. त्या दिवशी बाहेर नेलेल्या मुलांपैकीच कोणीतरी तेव्हा हॉलचे काम काढेल. त्यांना मराठी वाचता आले नाही तर काय, म्हणून खाली तीच ओळ इंग्रजीतही लिहिली आहे. पण वाचता यावे, यासाठी रविवारची शाळा आहेच!

लोभ आहेच, तो वाढावा.

– वास्तू समितीकरिता, आपले एक स्वयंसेवक