मंडपाची मागची वाट
— ऊस विकास अधिकारी



या पानात मी नेहमी लागण, खोडवा आणि खताच्या हप्त्यांवर लिहितो. वार्षिक सर्वसाधारण सभा तोंडावर आली आहे, म्हणून आज मंडपाविषयी चार शब्द.

मागच्या सभेला बैठक व्यवस्था माझ्याकडे होती. सभा संपल्यावर पाहतो तो मागच्या वाटेची कनात सुतळीने बांधलेली आणि पुढे खुर्च्यांची थप्पी! वाट कागदावर होती, जागेवर नव्हती. चूक माझीच.

हरियाणात डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या समारंभात मंडप पेटला. कापड कृत्रिम धाग्याचे, बाहेर पडायला एकच दार. चारशेहून अधिक जीव गेले. त्यांत कितीतरी शाळकरी मुले होती.

पण नुसती दारे वाढवून भागत नाही. अमेरिकेतील र्‍होड आयलंड राज्यात २००३ साली एका नाचगाण्याच्या क्लबाला आग लागली. दारे चार होती. तरी बहुतेक लोक आले त्याच पुढच्या दाराकडे धावले. तिथे कोंडी झाली. त्या आगीत शंभर माणसे गेली. बैल सोडला की रोजच्या वाटेनेच गोठ्याकडे वळतो. घाबरलेल्या माणसाचेही तसेच.

यावर उपाय असे :

१) सभासदांना गटवार निरनिराळ्या दारांनी आत सोडावे. ज्या दाराने माणूस येतो, ते त्याच्या ध्यानात राहते.

२) दारावर मोठ्या अक्षरांत हिरवी पाटी हवी. वीज गेली तरी पेटता राहील असा दिवा हवा. धूर वर साठतो, म्हणून गुडघ्याच्या उंचीवरही खूण करावी. पाटीवर तोरण किंवा जाहिरात नको.

३) पक्क्या इमारतीत दार बाहेरच्या बाजूस उघडावे. आत उघडणारे दार गर्दीच्या रेट्याने मिटते. सभा चालू असताना कुलूप तर नकोच.

४) सुरुवातीसच ध्वनिक्षेपकावरून वाटा सांगाव्यात आणि प्रत्येक दाराशी एक माणूस उभा ठेवावा.

यंदा मंडपाला चार वाटा ठेवल्या आहेत. आपण बसण्याआधी एकदा मागे वळून आपली दुसरी वाट पाहून घ्या. वाटेत कोणी खुर्ची टाकली असेल तर खुशाल उचलून बाजूला ठेवा. त्याला ठराव लागत नाही!