तापनियंत्रक, घरगुती
एखाद्या खोलीतील हवेचे, टाकीतील पाण्याचे अथवा शीतकपाटाच्या अंतर्भागाचे तापमान ठरविलेल्या मर्यादेत आपोआप राखणाऱ्या प्रयुक्तीला तापनियंत्रक किंवा थर्मोस्टॅट म्हणतात. तापमान मोजणारा संवेदक, इष्ट तापमान ठरविण्याची सोय आणि विद्युत् मंडल जोडणारा वा तोडणारा स्विच हे तिचे तीन मुख्य भाग होत. या तीन भागांना आंतरजालाची जोड देऊन वेळापत्रकानुसार अथवा दूर अंतरावरून नियंत्रण करता येईल अशी जी योजना केलेली असते, तिला ‘स्मार्ट’ तापनियंत्रक असे संबोधण्यात येते. प्रस्तुत नोंदीत सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या, विशेषतः मालवण किनाऱ्याच्या परिस्थितीत असा नियंत्रक वीजपुरवठादारावर अवलंबून न राहता कसा बसविता येतो, याचे विवेचन केले आहे.

इतिहास : सतराव्या शतकाच्या प्रारंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकांनी अंडी उबविण्याच्या पेटीतील तापमान स्थिर राखण्याची योजना केली. अँड्रू युअर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८३० मध्ये द्विधातुक पट्टीवर आधारलेल्या नियंत्रकाचे एकस्व घेतले. निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंच्या पट्ट्या एकत्र जोडल्यास तापविल्यावर जोडपट्टी वाकते. या वाकण्याचा उपयोग स्विच म्हणून करतात. वॉरन जॉन्सन या अमेरिकन प्राध्यापकांना विद्युत् खोलीनियंत्रकाचे एकस्व १८८३ मध्ये मिळाले. २०११ मध्ये अमेरिकेत ‘नेस्ट’ हा घरातील व्यक्तींच्या सवयींनुसार स्वतःचे वेळापत्रक तयार करणारा नियंत्रक विक्रीस आला.

पुरवठादार व ग्राहक : थंड प्रदेशांत घर उबदार ठेवणे हा नियंत्रकाचा मुख्य उपयोग असल्यामुळे तेथील ऊर्जापुरवठादार कंपन्यांनी या क्षेत्रात लवकर प्रवेश केला. ब्रिटनमध्ये ‘ब्रिटिश गॅस’ या कंपनीने २०१३ मध्ये ‘हाइव्ह’ हा नियंत्रक ग्राहकांना देण्यास प्रारंभ केला. अमेरिकेत काही ठिकाणी सवलतीच्या बदल्यात मागणीच्या ऐन वेळी नियंत्रकावरील तापमान बदलण्याची मुभा ग्राहक देतात. टेक्सस राज्यात २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्या घरातील तापमान परस्पर वाढविले गेल्याच्या तक्रारी काही ग्राहकांनी केल्या होत्या; अशा योजनेला आपण संमती दिली असल्याची त्यांच्यापैकी काहींना कल्पनाही नव्हती. नियंत्रक कोणी बसविला यापेक्षा त्याला आज्ञा देण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा प्रश्न यामुळे महत्त्वाचा ठरला.

महाराष्ट्रात राज्य विद्युत् मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाल्यानंतर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वीजवितरण ‘महावितरण’ कंपनीकडे आले. पुरवठादाराची यंत्रणा सर्वसाधारणपणे मीटरपाशी संपते. त्यापुढील तारजोडणी व उपकरणे ग्राहकाची असतात. म्हणून वातानुकूलकासाठी नियंत्रक निवडणे हा ग्राहकाचाच अधिकार होय. मीटर ‘स्मार्ट’ असला, तरी तो वापर मोजतो. खोलीचे तापमान तो ठरवीत नाही. मात्र नव्या उपकरणामुळे मंजूर भार ओलांडला जात असल्यास वाढीव भारासाठी अर्ज करणे आवश्यक असते.

स्थानिक परिस्थिती : मालवण, देवबाग, तारकर्ली या भागांत घर तापविण्याची गरज भासत नाही. येथील मुख्य अडचण उष्म्यापेक्षा दमटपणाची आहे. साधा नियंत्रक केवळ तापमान मोजतो. खोलीच्या मानाने मोठा वातानुकूलक बसविल्यास हवा लवकर थंड होऊन यंत्र थांबते, परंतु हवेतील बाष्प पुरेसे निघत नाही व खोली गार असूनही चिकचिक जाणवते. यास्तव आर्द्रताही मोजणारा नियंत्रक येथे अधिक उपयुक्त ठरतो. जांभ्या दगडाच्या कौलारू घरात खाली छत नसल्यास थंड हवा कौलांच्या फटींतून निघून जाते, ठरविलेले तापमान कधीच गाठले जात नाही आणि संपीडक अखंड चालू राहतो. अशा घरात प्रथम छत घालणे व फटी बुजविणे इष्ट होय. नियंत्रक कितीही चांगला असला तरी ही उणीव भरून काढू शकत नाही.

भारतात १ जानेवारी २०२० पासून ताराचिन्हांकित खोली-वातानुकूलक सुरू होताच २४° से. वर यावेत असा नियम आहे. तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा अंदाज आहे. वातानुकूलकाला सुमारे १,५०० वॉट, तर साध्या छतपंख्याला सुमारे ७५ वॉट शक्ती लागते. म्हणून २६° ते २७° से. तापमान व सोबत मंद पंखा ही योजना काटकसरीची ठरते. पर्यटकांसाठी खोल्या देणाऱ्या न्याहारी-निवासाच्या घरांत पाहुणे समुद्रावर गेले असता यंत्र चालू राहणे हे अपव्ययाचे मोठे कारण असते व तेथे वेळापत्रकाचा उपयोग विशेष होतो.

बसवणी : भिंतीवरील यंत्र व बाहेरचा संपीडक अशा दोन भागांच्या वातानुकूलकासाठी अवरक्त किरणांनी आज्ञा देणारा नियंत्रक सर्वांत सोयीचा असतो. हातातील रिमोटप्रमाणेच तो संदेश पाठवीत असल्याने तारजोडणीत बदल करावा लागत नाही. तो यंत्राच्या समोर, दृष्टिरेषेत, जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर ठेवतात. ऊन लागणारी भिंत, चूल व शीतकपाट यांच्याजवळ तो ठेवू नये. परदेशांतील तापनयंत्रणेसाठी बनविलेले काही नियंत्रक २४ व्होल्टचे असतात. ते येथील २३० व्होल्टच्या मंडलास जोडणे धोक्याचे असते.

मुख्य प्रवाहच तोडणारी स्मार्ट प्लग वातानुकूलकासाठी अयोग्य होय, कारण संपीडक थांबल्यावर पुन्हा सुरू होण्यापूर्वी सुमारे तीन मिनिटांचा अवधी लागतो व वारंवार प्रवाह तुटल्यास यंत्राची हानी होते. गिझरसाठी ती १६ अँपिअर क्षमतेची असल्यास चालते; परंतु गिझरमधील मूळ नियंत्रक व अतितापाविरुद्धची सुरक्षा-प्रयुक्ती कधीही वगळू नये. नवी तारजोडणी लागत असल्यास ती अनुज्ञप्तीधारक विद्युत् ठेकेदाराकडून करवून घ्यावी व चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच यांची खात्री करून घ्यावी. खाऱ्या हवेने जोडांवर गंज चढतो. म्हणून पावसाळ्यानंतर तपासणी आवश्यक ठरते.

मर्यादा : पुरवठादारापासून मुक्त झालेला नियंत्रक उत्पादकावर अवलंबून राहू शकतो. ‘नेस्ट’च्या पहिल्या दोन पिढ्यांच्या नियंत्रकांची आंतरजालावरील सेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद करण्यात आली, भिंतीवरील साधे नियंत्रण तेवढे उरले. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात सिंधुदुर्गात विजेचे खांब कोसळून पुरवठा खंडित झाला होता; अशा वेळी दूरसंचार सेवाही भरवशाची राहत नाही. वीज परत आल्यावर आंतरजालाची वाट न पाहता जो नियंत्रक घरातल्या घरात काम करू लागतो आणि जो बिघडला तरी मूळ रिमोट वा बटणाने यंत्र चालविता येते, तोच खऱ्या अर्थाने स्वतंत्र म्हणता येईल. खरेदीपूर्वी या दोन गोष्टींची, तसेच घरातील वापराची माहिती कोठे साठविली जाते याची चौकशी करणे हितावह असते.