पार्नासियन: घडवून लिहिणारे कवी

कविता म्हणजे मनातलं भडाभडा ओतणं, ही समजूत पॅरिसच्या काही कवींना मुळीच मान्य नव्हती. १८६६ मध्ये प्रकाशक आल्फोंस लमेर यांनी 'ल पार्नास काँतांपोरँ' हा त्यांचा संग्रह काढला. वाट आधीच तेओफिल गोतिए यांनी दाखवली होती: कला कलेसाठीच. लकाँत द लील हे म्होरके. आपलं दुःख चव्हाट्यावर मांडायचं नाही, हा त्यांचा बाणा.

माझे सर्वांत लाडके मात्र क्यूबात जन्मलेले जोझे-मारिया द एरेदिया. सुनीताच्या १४ ओळी, ओळीला १२ अक्षरं, सहाव्यानंतर यती. एवढ्याशा जागेत ते अख्खी लढाई, अख्खा समुद्रप्रवास उभा करतात आणि शेवटच्या ओळीत दृश्य एकदम विस्तारतं! १८६६च्या संग्रहात ते होते, पण स्वतःचं पुस्तक 'ले त्रोफे' आलं थेट १८९३ मध्ये. सुनीतं अवघी ११८. हा संयम मला थक्क करतो.

या कवींना कोरडं म्हणतात, ते मला पटत नाही. कोरडेच असते, तर व्हर्लेन आणि मालार्मेसारखे कवी त्याच पहिल्या संग्रहात कशाला असते? साहित्याचं पहिलं नोबेल, १९०१ चं, मिळालं तेही यांच्यातल्याच स्युली प्रुदोम यांना. फ्रेंच शिकत असाल तर एरेदियांपासून सुरुवात करा, आणि मोठ्याने वाचा.