गाडी दाखवा, कागद झाका

रविवारची सकाळ होती. नाश्ता आटोपून आम्ही दहावीच्या वह्या तपासायला बसलो होतो, इतक्यात फाटकाची कडी वाजली. बाहेर एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि दोन मुले उभी होती. हातात प्रवासाची पिशवी, डोळे जागरणाने लाल झालेले. रात्रभर एसटीने प्रवास करून ते बीडहून मिरजेला आले होते.

"गाडी न्यायला आलोय," ते म्हणाले.

"कोणती गाडी?"

त्यांनी अंगणातल्या जुन्या फियाटकडे बोट दाखवले. "हीच की. पंचवीस हजार विसार दिलाय. बाकीचे पैसे बरोबर आणलेत."

अब्बांची ती प्रीमियर पद्मिनी आमच्या घरातल्या कोणीही विकायला काढलेली नव्हती. पण त्या गृहस्थांच्या मोबाइलमध्ये आमचेच अंगण होते, आमचाच जाईचा वेल होता, आमच्याच गाडीची नंबर प्लेट होती. पुढच्या फोटोत तर अब्बांच्या नावाचे आरसी बुक होते आणि त्यावर घरचा पत्ता स्पष्ट वाचता येत होता. ज्याने पैसे घेतले होते, त्याने स्वतःला लष्करातला जवान म्हणवले होते. बदली झाली आहे, गाडी नातेवाइकांकडे उभी आहे, विसार पाठवा आणि जाऊन गाडी घ्या, असे त्याने सांगितले होते.

गृहस्थांचा आवाज चढला. "कागद तुमचे, गाडी तुमची, पत्ता तुमचा. मग पैसे कुणी घेतले?" त्यांच्या जागी आम्ही असतो तरी हेच विचारले असते. अम्मी आतून आल्या. त्यांनी आधी मुलांना पाणी दिले आणि म्हणाल्या, "आधी बसा. चहा घ्या. मग बोलू."

चहा घेता घेता उलगडा झाला. ईदच्या दिवशी आमच्या भाच्याने गाडी धुऊन पुसून तिचा फोटो समाजमाध्यमावर टाकला होता. एका अनोळखी माणसाने खूप कौतुक केले. आपण जुन्या गाड्यांचे शौकीन आहोत, गाडी अस्सल आहे का ते पाहून किंमत सांगतो, असे म्हणून त्याने आरसी बुकाचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि चासी नंबरच्या पट्टीचा फोटो मागितला. भाच्याने पाठवून दिला. पोराच्या मनात काही वाईट नव्हते. आजोबांच्या गाडीचा त्याला अभिमान होता, एवढेच.

जुनी गाडीच का?

पद्मिनी ही आपल्या महाराष्ट्राची लेक. वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनत असे. १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट म्हणून रस्त्यावर आली आणि १९७४ पासून तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. १०८९ सीसीचे साधे इंजिन. कुठल्याही गावातल्या मिस्त्रीला ते उघडता येई आणि परत बसवता येई. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तर तिला सगळ्या देशाने पाहिले. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून निवृत्त झाली.

तेव्हापासून या गाडीविषयीची हळहळ वाढली आहे. आमच्या दारात आलेल्या गृहस्थांचे वडील मुंबईत टॅक्सी चालवत. म्हाताऱ्या बापाला एकदा पद्मिनीच्या स्टिअरिंगवर बसवायचे, एवढ्यासाठी मुलाने पैसे साठवले होते. ठग नेमकी अशीच हळवी जागा शोधत असतो.

दुसरे कारण असे की नवी पांढरी गाडी हजारोंच्या गर्दीत हरवून जाते. जुनी गाडी तशी हरवत नाही. आमच्या गाडीला १९८९ पूर्वीच्या पद्धतीचा तीन अक्षरी नंबर आहे. रिक्षावाल्याला "जुनी फियाट" सांगितले की तो थेट आमच्या दारात आणून सोडतो. म्हणजे गाडीचा फोटो हाच घराचा पत्ता झाला. गाडी बरेच दिवस झाकलेली दिसली की घरचे गावाला गेले आहेत, हेही कोणाला कळू शकते.

आपली माहिती कोणाकोणाकडे?

गाडीचा नंबर रस्त्यावर सगळ्यांना दिसतो, मग त्यात लपवायचे काय, असे भाच्याने विचारले. प्रश्न बरोबर आहे. पण नंबर दिसणे वेगळे आणि नंबर, नाव, पत्ता, चासी नंबर व इंजिन नंबर एकाच ठिकाणी एकाच्याच हाती पडणे वेगळे. सुटे मणी आणि ओवलेली माळ यांत फरक असतोच.

ही माळ किती मोलाची आहे, ते सरकारी व्यवहारातूनही दिसले आहे. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने २०१९ मध्ये वाहन आणि परवान्यांची माहिती एकगठ्ठा विकण्याचे धोरण आणले. त्या संग्रहात सुमारे २५ कोटी वाहनांच्या नोंदी होत्या. मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०१९ मध्ये राज्यसभेत सांगितले की ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना ही माहिती पाहण्याची मुभा दिली असून त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले. वेगवेगळ्या नोंदी जुळवून माणसाची ओळख काढता येईल, ही भीती व्यक्त झाली आणि २०२० मध्ये ते धोरण रद्द करण्यात आले. आता सरकारी ॲपवर नंबर टाकला तर मालकाचे नाव अर्धे झाकलेले दिसते.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालात खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. पण सरकारने झाकलेले नाव आपणच आरसी बुकाचा फोटो पाठवून उघडे केले, तर कायदा तरी काय करणार?

चूक आमचीही होती

त्या गृहस्थांना घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी पहिला प्रश्न आम्हालाच विचारला, "गाडी कुणाच्या नावावर आहे?" आम्ही मान खाली घातली. अब्बांच्या इंतकालाला चार वर्षे झाली आणि गाडी अजून त्यांच्याच नावावर होती.

नियम सोपा आहे. मालकाचे निधन झाले तर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. अब्बांचे बँकेचे खाते, विजेचे मीटर, सगळे आम्ही बदलले. गाडी मात्र "नंतर बघू" यात राहिली. मयत माणसाच्या नावावरची गाडी ठगाच्या सोयीची असते, कारण फसवले गेलेले लोक ज्याचे नाव शोधत येतात तो उत्तर द्यायला उरलेला नसतो.

गाडी विकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. नुसता बाँड पेपर लिहून चावी दिली की आपण मोकळे झालो, असे होत नाही. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर १४ दिवसांत विकणाऱ्याने आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि हस्तांतरासाठी फॉर्म ३० आहे. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नयेत. नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका खटल्यात स्पष्ट केले आहे.

चोराला अवघड करा

अशा फोटोंमुळे दुसरा धोका येतो तो खऱ्या चोरीचा. नव्या गाडीच्या चावीत चिप असते. ती जुळल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. पद्मिनीच्या काळी असे काही नव्हते. दाराच्या पुढची ती छोटी तिकोनी काच, जी उघडून आम्ही लहानपणी वारा खात होतो, तिच्यातून हात घालून दार उघडता येते. शिवाय चोराला पूर्ण गाडी लागतेच असे नाही. क्रोमचा बंपर, दिव्याची रिंग, कार्बोरेटर, पुढचे नाव, असे सुटे भाग आता कंपनी बनवत नाही, म्हणून त्यांना मागणी असते.

आम्ही मिस्त्रीकडून दोन कामे करून घेतली. इग्निशनच्या वायरमध्ये एक छुपा खटका बसवला. तो बंद असला की चावी फिरवूनही इंजिन सुरू होत नाही. बॅटरीलाही तोडणारा खटका लावला. स्टिअरिंगला बाहेरून दिसेल असे कुलूप घातले, कारण दिसणारे कुलूप पाहूनच निम्मे चोर पुढच्या गल्लीत जातात, असे मिस्त्रीचे म्हणणे. खटका कुठे आहे ते घरच्या तिघांनाच ठाऊक आहे.

विम्याकडेही बघा. गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी असली की तिची विम्यातली किंमत मालक आणि विमा कंपनी आपसांत बोलून ठरवतात. एजंटने लिहिलेला आकडा मुकाट्याने मान्य करू नका. दुरुस्तीची बिले आणि गाडीचे चारही बाजूंचे फोटो दाखवून बोला. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर गाडी चोरीला गेल्यावर एक रुपयाही मिळत नाही.

ज्यांच्याकडे ५० वर्षांहून जुनी, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी आहे, त्यांच्यासाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशाच कामांना ती रस्त्यावर आणता येते.

आता आमच्या घरचे नियम

त्या रविवारनंतर आम्ही सगळे एकत्र बसलो. भाच्याला रागावलो नाही. त्यालाच वही दिली आणि नियम लिहायला सांगितले. ते असे:

१. फोटो टाकायचा तर नंबर प्लेट, फाटक आणि घराची पाटी झाकून टाकायचा. गावाला असताना टाकायचा नाही.

२. आरसी बुक, विमा, चासी आणि इंजिन नंबर अनोळखी माणसाला मोबाइलवर पाठवायचे नाहीत. खरा ग्राहक घरी येईल आणि आपल्यासमोर कागद पाहील.

३. आधार द्यावेच लागले तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे झाकलेले आधार द्यायचे. कागदाच्या प्रतीवर तारीख आणि कशासाठी दिली ते आडवे लिहायचे.

४. पैसे येण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. कोणी तसे सांगितले की समजायचे, पैसे जाणार आहेत.

५. नव्या सुरक्षित नंबर प्लेटसाठी मेसेजमधल्या लिंकवर जायचे नाही. परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच नोंद करायची. तिथल्यासारखी दिसणारी खोटी पाने निघालेली आहेत.

६. मूळ कागद गाडीत ठेवायचे नाहीत. नोंद संगणकावर चढलेली असेल तर डिजिलॉकरमधली प्रत चालते. चासी नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप मात्र घरात जपून ठेवायची. गाडी चोरीला गेली तर ती आपलीच आहे हे दाखवायला उपयोगी पडते.

७. फसवणूक झाली तर लाजत बसायचे नाही. लगेच १९३० ला फोन करायचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली तर ते थांबवता येण्याची आशा असते.

सातव्या नियमापाशी भाच्याचा पेन थांबला. त्या गृहस्थांनी पैसे पाठवून चार दिवस उलटून गेले होते. तक्रार नोंदवली गेली, पण त्यांचे पंचवीस हजार आजवर परत आलेले नाहीत. त्या दिवशी जेवण करून संध्याकाळच्या एसटीने ते परत निघाले. जाण्याआधी त्यांच्या धाकट्या मुलीने अम्मींना विचारून फियाटचा हॉर्न दोनदा वाजवला. गृहस्थांनी त्याचा व्हिडिओ काढला, वडिलांना दाखवायला. काढताना स्वतःच नंबर प्लेटपुढे पिशवी धरली.

अब्बांची एक सवय आम्हाला नेहमी उलटी वाटायची. गाडीची चावी ते दारामागच्या खिळ्याला उघडी टांगून ठेवत आणि कागद मात्र पत्र्याच्या पेटीत, निकाहनामा आणि सातबाऱ्याच्या शेजारी, कुलपात. चावी हरवली तर कुलूपवाला दुसरी करून देतो, असे ते म्हणत. कागदांचे ते काही बोलले नव्हते. गेल्या महिन्यात गाडी आमच्या नावावर झाली. नवे आरसी आम्ही त्याच पेटीत ठेवले आहे. चावी मात्र आता खिळ्याला नसते.