सातव्या क्रमांकाचे चार गुण

२०२० सालच्या एफआयए फॉर्म्युला थ्री मालिकेचं अजिंक्यपद ऑस्ट्रेलियाच्या ऑस्कर पियास्त्रीनं मिळवलं, तेव्हा त्याच्या नावावर त्या मोसमातली एकही पोल पोझिशन, म्हणजे पात्रता फेरीतला पहिला क्रमांक, नव्हती. १८ शर्यतींपैकी त्यानं जिंकल्या फक्त दोन. त्याचे गुण झाले १६४. दुसऱ्या आलेल्या तेओ पुर्शेरचे १६१ आणि तिसऱ्या लोगन सार्जंटचे १६०. शेवटच्या शर्यतीला पियास्त्री उतरला तेव्हा त्याच्याकडेही १६०च होते. ज्या चार गुणांनी त्याला विजेता केलं, ते त्याला सातवा आल्याबद्दल मिळाले.

फॉर्म्युला वन बघणाऱ्या बहुतेकांना हा हिशेब नीरस वाटेल. मला मात्र तो मोसम गेल्या काही वर्षांतला सगळ्यात चुरशीचा वाटतो, आणि कनिष्ठ गटातली मोटर रेसिंग नेमकी कशाची परीक्षा घेते हे समजून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. इथं वेगवान सगळेच असतात. ज्या दिवशी गाडी चालत नाही, जागा मिळत नाही, पुढच्याची चूक आपल्या अंगावर येते, त्या दिवशीही चार-दोन गुण पदरात पाडून घरी जाणं, हे फार थोड्यांना जमतं.

या शिडीची पहिली पायरी कार्टिंग. सात-आठ वर्षांची पोरं तिथं सुरुवात करतात. पंधराव्या वर्षाच्या आसपास फॉर्म्युला फोर, मग थ्री, टू, आणि नशीब असेल तर वन. २०१९मध्ये जीपी थ्री आणि युरोपियन फॉर्म्युला थ्री या दोन मालिका एकत्र करून एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेनं आजची फॉर्म्युला थ्री उभी केली आणि तिच्या शर्यती फॉर्म्युला वनच्याच आठवड्यात, त्याच ट्रॅकवर ठेवल्या. सकाळी या मुलांची शर्यत, दुपारी मोठ्यांची. ज्यांच्या संघात शिरायचं, ती माणसं शंभर पावलांवर बसलेली असतात.

गाडी सगळ्यांना एकच. इटलीत पार्माजवळच्या वारानो दे मेलेगारी या गावात दल्लारा कंपनी ती बनवते. इंजिन फ्रान्सच्या मेकाक्रोमचं: ३.४ लिटरचं, सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं, ३८० अश्वशक्तीचं. टायर पिरेलीचे. दहा संघ, प्रत्येकाच्या तीन गाड्या, म्हणजे ग्रिडवर एकूण ३०. फॉर्म्युला वनमध्ये संघ स्वतःची गाडी घडवतो, त्यामुळे चांगल्या गाडीतला सामान्य चालकही पुढे दिसू शकतो. इथं संघाच्या हातात राहतं ते बारीकसारीक: पंखाचा कोन, सस्पेन्शनची ताठरता, गाडीची जमिनीपासूनची उंची, टायरमधली हवा. उरलेलं सगळं चालकाच्या हातात, आणि अगदी शब्दशः हातात. या गाडीला पॉवर स्टीअरिंग नाही. वेगाच्या वळणावर वाऱ्याचा दाब गाडीला रस्त्यावर चेपतो आणि स्टीअरिंग जड होत जातं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला ते पाऊण तास खांदे-मनगटांच्या जोरावर फिरवायचं असतं, तेही शेवटच्या लॅपपर्यंत तितक्याच नेमकेपणानं. ही मुलं मानेचा आणि दंडांचा व्यायाम इतका का करतात, याचं कारण हेच.

सराव फक्त ४५ मिनिटांचा. त्यानंतर ३० मिनिटांची पात्रता फेरी, आणि माझ्या मते सगळ्या आठवड्यातला सगळ्यात क्रूर भाग हाच. नवा टायर आपलं सर्वोत्तम देतो तो एखाद-दुसऱ्या लॅपपुरता. त्याआधीच्या लॅपमध्ये तो हळूहळू तापवत आणावा लागतो. थंड राहिला तर पकड नाही, जास्त तापला तर महत्त्वाच्या लॅपच्या शेवटच्या वळणांत घसरतो. हे गणित ३० जण एकाच वेळी, एकाच रस्त्यावर मांडत असतात. प्रत्येकाला पुढे मोकळा रस्ता हवा असतो. माँझासारख्या लांब सरळ रस्त्यांच्या ट्रॅकवर तर उलटंच हवं असतं: पुढे एखादी गाडी असावी, म्हणजे तिच्या मागच्या विरळ हवेत आपल्याला वेग मिळेल. मग कुणीच पुढे जायला तयार होत नाही. २०१९मध्ये माँझाला फॉर्म्युला थ्रीच्या गाड्या एकमेकींची वाट बघत इतक्या रेंगाळल्या की त्या पात्रता फेरीचा पार विचका झाला आणि शिक्षा झालेल्या चालकांची रांग लागली. बाहेरून बघणाऱ्याला हसू येतं. पण आत बसलेल्या मुलाला ठाऊक असतं की या अर्ध्या तासात विसावा आलो, तर शनिवार-रविवार दोन्ही गेले.

२०२०च्या नियमांप्रमाणे शनिवारी मुख्य शर्यत होई आणि पहिल्याला २५ गुण मिळत. रविवारच्या छोट्या शर्यतीत पहिल्याला १५. मेख होती ती रविवारच्या ग्रिडमध्ये. शनिवारचे पहिले दहा जण उलट्या क्रमानं उभे राहत. दहावा आलेला सगळ्यात पुढे, जिंकलेला दहाव्या जागी, आणि अकरावा आलेला अकराव्याच जागी. शनिवारी दहावा आणि अकरावा यांच्यात क्षणभराचं अंतर असलं तरी रविवारी ते सबंध दहा गाड्यांचं होई. या पद्धतीवर टीका बरीच होते. मला ती आवडते. नुसतं पुढून पळणाऱ्यालाही गर्दीतून वाट काढता येते का, हे तिच्यात उघडं पडतं.

२०२०चा मोसम मार्चमध्ये बहरीनला सुरू व्हायचा होता. तिथं चाचण्याही उरकल्या होत्या. मग करोनानं सगळं थांबवलं आणि पहिली शर्यत झाली ती थेट ४ जुलैला, ऑस्ट्रियाच्या रेड बुल रिंगवर. त्यापुढचं वेळापत्रक पाहिलं की आजही दडपण येतं. ऑस्ट्रियात लागोपाठ दोन आठवडे, तिसऱ्या आठवड्यात हंगेरी. मधे एक रविवार मोकळा. मग सिल्व्हरस्टोनला दोन आणि बार्सिलोनाला एक. पुन्हा थोडी उसंत, आणि स्पा, माँझा, मुजेल्लो हे लागोपाठ तीन. नऊ आठवड्यांच्या शर्यती, सगळ्या अकरा आठवड्यांच्या आत. एरवी एखादा आठवडा वाईट गेला तर चालक घरी जातो, सिम्युलेटरवर बसतो, इंजिनिअरबरोबर आकडे तपासतो. इथं गाडी ठोकली तर ती उभी करायची, ट्रकमध्ये चढवायची आणि चार दिवसांनी दुसऱ्या देशात उतरवायची. स्टँड रिकामे. संघातल्या माणसांखेरीज कुणाला भेटायचं नाही.

पियास्त्री मेलबर्नचा. लहानपणी तो रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यती खेळायचा, मग कार्टिंगमध्ये आला, आणि चौदा-पंधरा वर्षांचा असताना घर सोडून इंग्लंडला गेला. हेलीबरी या निवासी शाळेत शिकता शिकता त्यानं युरोपातलं रेसिंग केलं. सार्जंट फ्लोरिडाचा, २०१५ साली कार्टिंगमध्ये कनिष्ठ गटाचा जगज्जेता झालेला. पुर्शेर फ्रान्समधल्या ग्रासचा. मोसम सुरू झाला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि त्या जुलैतच तो शर्यती जिंकू लागला. पियास्त्री आणि सार्जंट दोघेही प्रेमा संघाचे, तिसरा साथीदार डेन्मार्कचा फ्रेडरिक वेस्ती. पुर्शेर एआरटी संघाकडे.

प्रेमा हा इटलीतल्या विचेन्झा भागातला संघ. १९८३मध्ये आंजेलो रोसिन यांनी एका भागीदाराबरोबर तो सुरू केला, पुढे त्यांचा मुलगा रेने तो बघू लागला. या संघाच्या त्या तीन खुर्च्यांशी आपलंही एक नातं आहे. आदल्या वर्षी, २०१९मध्ये, त्या तिन्हींवर बसलेले चालक मालिकेत पहिले, दुसरे, तिसरे आले होते: रशियाचा रॉबर्ट श्वार्ट्समन, न्यूझीलंडचा मार्कस आर्मस्ट्राँग आणि मुंबईचा जेहान दारूवाला. जेहानला २०११ साली फोर्स इंडियाच्या शोधमोहिमेतून निवडलं गेलं आणि किशोरवयातच त्यानं युरोप गाठला. २०१९मध्ये त्यानं दोन शर्यती जिंकल्या. त्या तिघांना फॉर्म्युला टूमध्ये बढती मिळाली म्हणून या तीन जागा रिकाम्या झाल्या, आणि त्यांतल्या एकीवर पियास्त्री आला. तीच मालिका, तोच संघ, तितकेच दोन विजय. जेहान तिसरा, पियास्त्री पहिला. दोघांची गुणवत्ता मोजायला एवढ्यावरून बसू नये. कुणाच्या वाट्याला कुठला मोसम आणि कसले प्रतिस्पर्धी येतात, याला या खेळात फार महत्त्व असतं.

पियास्त्रीनं रेड बुल रिंगवरची पहिलीच शर्यत जिंकली. त्यानंतर तो पुन्हा जिंकला ते थेट बार्सिलोनाला, १६ ऑगस्टच्या छोट्या शर्यतीत. मधल्या काळात त्याच्या गाडीच्या मागच्या पंखाची उघडझाप करणाऱ्या डीआरएस यंत्रणेनं त्याला छळलं. सरळ रस्त्यावर हा पंख उघडतो, हवेचा विरोध घटतो आणि पुढच्या गाडीला गाठता येतं. तो उघडला नाही तर मागचे सगळे उघडतात आणि आपण एकटेच जड राहतो. सगळ्यांना सारखी गाडी असते, पण बिघाड सारखे वाटलेले नसतात. सार्जंट मात्र पात्रता फेरीत झळकत होता, पोलवर पोल मिळवत होता. एका लॅपचा विचार केला तर त्या उन्हाळ्यात तो पियास्त्रीपेक्षा वेगवान होता, हे मान्य करायला हवं. पियास्त्री मात्र मागून सुरू झाला तरी कुठं चौथा, कुठं पाचवा, कुठं सहावा येत राहिला.

१२-१३ सप्टेंबरला सगळे मुजेल्लोला पोहोचले. फ्लॉरेन्सच्या उत्तरेला टस्कनीच्या डोंगरांत वसलेला हा ट्रॅक फेरारीच्या मालकीचा. त्याच रविवारी तिथं पहिल्यांदाच फॉर्म्युला वनची शर्यत होती, आणि फेरारीची ती हजारावी ग्राँप्री होती. ट्रॅक सव्वापाच किलोमीटरचा. वळणं वेगवान, चढउतार मोठे, बाजूला डांबराऐवजी खडी. एकदा चाक खडीत गेलं की परत येणं नाही. आराब्याता नावाच्या दोन उजव्या वळणांवर तर पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीत दंड भरून येतात.

शनिवारी सार्जंट सहावा आला, पियास्त्री अकरावा. आठ गुणांची आघाडी संपली आणि दोघे १६०वर बरोबरीत आले. पुर्शेर नऊ गुणांनी मागे, पण जिवंत. उलट्या ग्रिडच्या नियमानं रविवारी सार्जंट पाचव्या जागेवरून सुटणार होता, तर पियास्त्री पहिल्या दहाच्या बाहेर राहिल्यामुळे अकराव्याच जागी. शनिवारी एक गाडी जास्त मागे टाकली असती तर रविवारी तो सगळ्यात पुढे उभा असता. एकाच संघाचे दोघे, दोघांचे मेकॅनिक एकाच तंबूत, आणि त्यांतला फक्त एकच आनंदानं घरी जाणार.

रविवारी दिवे विझले आणि पहिल्याच लॅपमध्ये सार्जंट आणि जर्मनीचा लिरिम झेंडेली यांच्या गाड्या एकमेकींत अडकल्या. सार्जंटची गाडी बाहेर गेली, त्याचा मोसम तिथंच संपला. ११ आठवडे, १७ शर्यती, आणि अठराव्या शर्यतीची पुरती एक लॅपही त्याच्या वाट्याला आली नाही. आता प्रश्न उरला पुर्शेरचा. तो पुढे सरकत सरकत तिसऱ्या जागी आला. तिसऱ्या जागेला दहा गुण, म्हणजे १६१. पियास्त्री अकराव्यावरून निघून गर्दीतून एकेक जागा वर येत सातव्यावर पोहोचला होता. आता त्यानं उगाच धाडस केलं असतं तर सगळं गेलं असतं, आणि अगदी मागे राहिला असता तरीही गेलं असतं. दहाव्या जागेला एक गुण होता, तेवढ्यानं पुर्शेरशी बरोबरी झाली असती. त्यानं सातवी जागा शेवटपर्यंत धरून ठेवली. शर्यत जिंकली न्यूझीलंडच्या लियाम लॉसननं. कॅमेरे मात्र सातव्या गाडीवर होते.

या मुलांचं पुढे काय झालं, हे बघितल्याशिवाय तो मोसम पुरता कळत नाही. पियास्त्रीनं २०२१मध्ये पहिल्याच वर्षी फॉर्म्युला टू जिंकली आणि तरी २०२२ साल राखीव चालक म्हणून बसून काढलं, कारण फॉर्म्युला वनमध्ये जागा नव्हती. २०२३मध्ये मॅक्लारेननं त्याला घेतलं. २०२४मध्ये हंगेरीला त्यानं पहिली ग्राँप्री जिंकली, आणि २०२५मध्ये बराच काळ गुणतक्त्यात पुढे राहून अखेर नॉरिस आणि वर्स्टापन यांच्यामागे तिसरा आला. सार्जंट विल्यम्सकडून फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला, पण २०२४च्या मोसमात अर्ध्यावरच त्याची जागा गेली. लॉसन पोहोचला आणि टिकला. जेहाननं डिसेंबर २०२०मध्ये साखीरला शर्यत जिंकून फॉर्म्युला टूमधला पहिला भारतीय विजेता होण्याचा मान मिळवला. २०२२मध्ये सिल्व्हरस्टोनला मॅक्लारेनची फॉर्म्युला वन गाडीही त्यानं चाचणीसाठी चालवली. पण ग्राँप्रीच्या ग्रिडवर त्याला जागा मिळाली नाही आणि पुढे तो फॉर्म्युला ईकडे वळला.

आणि पुर्शेर. मुजेल्लोला तीन गुणांनी हुकलेल्या या मुलानं २०२३मध्ये फॉर्म्युला टूचं अजिंक्यपद मिळवलं. फॉर्म्युला वनचा परवाना मिळवायला तीन वर्षांत ४० गुण लागतात आणि तेवढे ते एकटं अजिंक्यपद देतं. परवाना मिळण्याजोगा झाला, खुर्ची मिळाली नाही. २०२४च्या फॉर्म्युला वनच्या ग्रिडवर फॉर्म्युला टूचा विद्यमान विजेता नव्हता. एफआयएनं ही शिडी स्वतः उभी केली, तिचे नियम स्वतः केले, मुलांच्या आईबापांनी एकेका मोसमाला दहा लाख युरोंच्या पुढे मोजले. शिडीच्या शेवटच्या पायरीवर पहिला आलेल्याला निदान एका वर्षाची जागा बांधून द्यावी, अशी मागणी मला रास्त वाटते. फॉर्म्युला वनचे सगळेच संघ विरोध करतील, हे गृहीत धरूनही.