दमवतात ती मुलं नव्हेत

बेळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात सरकारी मराठी शाळेत मी 19 वर्षं शिकवते. पहिली ते पाचवी, मुलं साठाच्या आत, शिक्षक दोन. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक बसतात, त्यामुळे कागदावर सगळं बरोबर आहे. इयत्ता मात्र पाच, आणि प्रभारी मुख्याध्यापिकाही मीच.

पहिली ते तिसरी 'नली-कली' पद्धतीनं एकत्र बसतात. नली-कली म्हणजे आनंदानं शिका. मुलं गोलात बसून कार्डं उचलतात, तिसरीतली पोरगी पहिलीतल्याला अक्षर दाखवते. तो तास मला अजून आवडतो. त्रास होतो तो मधूनच उठावं लागतं त्याचा. सकाळी क्षीरभाग्यचं दूध, दुपारी अक्षर दासोहचं जेवण. किती जेवले, तांदूळ किती उरला, सगळं लिहायचं. एवढ्यात मोबाइलवर कन्नडमधून निरोप येतो : माहिती आजच पाठवा. मी फळ्यावर बेरीज अर्धी सोडून कपाट उघडते. परत येईपर्यंत वर्गाचा बाजार झालेला असतो, आणि मग ओरडा खातात ती मुलं.

त्याच कायद्यानं दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक काम द्यायला बंदी आहे. तरी 2025 च्या दसऱ्याच्या सुट्टीत राज्याच्या सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणाला शिक्षकच दारोदार फिरले. प्रत्येक घरी 60 प्रश्न! लोकही वैतागलेले, आम्हीही.

माझी भाची यंदा बारावी झाली. म्हणाली, "आत्या, डी.एड. करू का? तू तर रोज कातावून घरी येतेस." मी तिला पगाराचं सांगितलं नाही, ते तिला ठाऊक आहे. पटाचं सांगितलं. उन्हाळ्यात आम्ही घरोघर मुलं मागायला जातो. "मराठीत शिकून पुढं काय, बाई?" असं मराठीतच विचारतात. पट घटला की एक शिक्षक 'जादा' ठरतो, त्याची बदली होते आणि उरलेल्याच्या वाट्याला पाचही इयत्ता येतात. रात्री झोप उडते ती या हिशेबानं.

मग बस थांब्यावरची गोष्ट सांगितली. आमच्या चौथीतला एक मुलगा आजीला बसची कन्नड पाटी वाचून दाखवत होता. तीच पाटी लगेच मराठीतही सांगत होता. आजीला दोन्ही लिप्या येत नाहीत. ती त्याचा हात धरून बसमध्ये चढली. असं वर्षातून दोन-तीनदा दिसतं. मला तेवढं पुरतं. भाचीला पुरेल का, ते तिचं तिनं ठरवावं.

तुम्हा कॉलेजच्या मुलांना मात्र एक मागणं आहे. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. गावातल्या मराठी शाळेत बाईंना विचारून तासभर मुलांना गोष्ट वाचून दाखवा. कन्नड येत असेल तर कन्नडही चालेल. तेवढ्या वेळात दुधाचं रजिस्टर पुरं होतं.