गोठ्यातील पहिली वार्ता

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात तळेगाव दाभाड्याजवळ नवलाख उंबरे हे गाव आहे. मावळची ही भूमी पावसाची व भाताची. गावाच्या परिसरात आता कारखाने उभे राहिले असले, तरी गोठ्यातील गाय, म्हैस आणि बैल यांवर अनेक कुटुंबांचा संसार आजही अवलंबून आहे. चाकणचा जनावरांचा बाजार येथून फार दूर नाही. ज्या वाटेने विकत घेतलेले जनावर घरी येते, त्याच वाटेने रोगही येऊ शकतो. म्हणून एका गोठ्यातील आजार ही त्या एका घरापुरती बाब राहत नाही.

रोग नाही, हेही पाहावे लागते

बुळकांडी या रोगाने एके काळी गावेच्या गावे गुरांवाचून ओस पाडली. तिच्या निर्मूलनासाठी भारतात 1954 साली लसीकरणाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. लसीने रोग पुष्कळ हटला. परंतु तो पुरता गेला किंवा नाही, हे लसीवरून कळेना. लस टोचलेल्या जनावराच्या रक्तातही रोगप्रतिकारक द्रव्ये सापडतात. त्यामुळे ती लसीची की रोगाची, हे ओळखता येत नाही. म्हणून पुढे लस बंद करून गावोगाव व गुरांच्या वाटांवर शोध घेण्यात आला. देशातील अखेरचा प्रादुर्भाव 1995 साली आढळला. त्यानंतर अनेक वर्षे शोध चालू ठेवल्यावरच 2006 साली भारत बुळकांडीमुक्त म्हणून मान्य झाला आणि 2011 साली साऱ्या जगातून हा रोग नाहीसा झाल्याची घोषणा झाली. ‘आमच्या गावी असे जनावर नाही’ ही नोंददेखील किती मोलाची असते, हे यावरून ध्यानात येईल.

याउलट उदाहरण लम्पी चर्मरोगाचे. 2022 सालच्या ऑगस्टच्या आरंभी जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात चिनावल येथे तो आढळला आणि काही आठवड्यांतच राज्याच्या अनेक जिल्ह्यांत पसरला. माश्या, डास व गोचीड यांच्याद्वारे आणि जनावरांच्या ने-आणीबरोबर हा रोग पसरतो. सप्टेंबरमध्ये जनावरांचे बाजार बंद करावे लागले आणि गोवर्गीय जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस मोफत टोचण्यात आली. अशा वेळी वार्ता एक दिवस लवकर मिळाली, तर पुढील गावे सावध होतात.

कोणती लक्षणे पाहावीत

मावळात पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्पाकडे विशेष लक्ष द्यावे. जनावरास तीव्र ताप येतो, गळ्यास सूज येते, श्वासास घरघर लागते आणि उपचारास विलंब झाल्यास ते एक-दोन दिवसांत दगावते. फऱ्यात धडधाकट तरुण जनावर एकाएकी लंगडते व मांसल भागाची सूज दाबल्यास चरचर आवाज येतो. लाळ्या खुरकुतात तोंडास व खुरांस फोड येतात आणि लाळ गळते. लम्पीत अंगावर गाठी उठतात. जनावर एकाएकी मरून त्याच्या नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त आल्यास फाशी रोगाचा संशय घ्यावा. असे प्रेत उघडू नये, त्याचे कातडे काढू नये. कारण हा रोग माणसासही होतो.

वार्ता कोणी, कोणास द्यावी

प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, 2009 अन्वये अनुसूचित रोगाचा संशय येताच पशुपालकाने ती गोष्ट गावच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळविणे आणि आजारी जनावर वेगळे बांधणे आवश्यक आहे. तेथून वार्ता जवळच्या पशुवैद्यकाकडे जाते. तो जनावर तपासून नमुने घेतो. पुण्यात औंध येथे राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. पश्चिम भारतातील राज्यांसाठी असलेली विभागीय रोगनिदान प्रयोगशाळाही तेथेच आहे. रोगाचे निदान झाल्यावर कोणत्या गावांत लस टोचावी आणि कोणता बाजार थांबवावा, हे ठरविता येते. परंतु नमुना मुळात घेतलाच गेला नाही, तर उत्तम प्रयोगशाळाही काही सांगू शकत नाही.

पुष्कळदा पशुपालक भीतीने गप्प राहतो. ‘बोभाटा झाला तर दूध कोण घेईल?’ असे त्यास वाटते. कोणी आजारी जनावर घाईने विकूनही टाकतो. त्याचे नुकसान क्षणभर टळल्यासारखे वाटते; परंतु रोग दुसऱ्याच्या दावणीला पोचतो आणि बाजाराच्या वाटेने पुन्हा आपल्याच गावात परततो. गावपातळीवरील कार्यकर्त्याने अशा पशुपालकास दोष न देता धीर द्यावा आणि पशुवैद्यक येईपर्यंत त्याच्या सोबत राहावे. वार्ता देणाऱ्याची अवहेलना झाली, तर दुसऱ्या खेपेस कोणीही वार्ता देणार नाही.

नवे जनावर आणल्यावर ते निदान तीन आठवडे वेगळे बांधावे. त्याच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक व लसीची तारीख वहीत टिपून ठेवावी. घटसर्प व फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. सकाळी धार काढताना प्रत्येक जनावराने वैरण खाल्ली किंवा नाही, रवंथ केला किंवा नाही, एवढे जरी पाहिले, तरी संपूर्ण विभागाच्या पशुआरोग्याची पहिली राखण त्या गोठ्यातच होते.